नावेचा तळ : डोंग्यापासून जेट स्कीपर्यंत

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा, तिला येऊन मिळणाऱ्या बावनथडी, सूर आणि चुलबंद या नद्या, आणि आता पवनी तालुक्यातील गोसे गावाजवळ उभे राहिलेले गोसीखुर्द धरण. असे हे सारे पाण्याचे वैभव आपल्या वाट्याला आले आहे. या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारे ढिवर आणि केवट बांधव डोंगा चालवितात, जाळे टाकतात, माणसांना या काठावरून त्या काठावर नेतात. परंतु हा डोंगा पाण्यावर का तरंगतो, कधी कलंडतो आणि त्याच्या तळात बदल केला तर काय घडते, याचे शास्त्र आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच समजावून सांगितले जाते. प्रस्तुत लेखात ते सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

या विषयाला आज एक नवे निमित्तही आहे. गोसीखुर्दच्या विस्तीर्ण जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. गोवा, मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाणी उडवीत धावणारी ‘जेट स्की’ नावाची यंत्रनाव आपल्या तरुणांनी चित्रांत आणि पडद्यावर पाहिलेली आहेच. तिचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की या यंत्रनावेचा मूळ प्रकार हा बसून नव्हे, तर उभे राहून चालविण्याचा होता. आपला डोंगेवालाही बांबू हाती घेऊन उभाच असतो. उभ्याने चालविण्याच्या या दोन नावा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे नावेच्या तळाची सारी विद्या उलगडते.

नाव तरंगते म्हणजे काय?

आर्किमिडीजचा सिद्धांत आपण शाळेत शिकतो. पाण्यात ठेवलेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला खालून वर देते. डोंगा, माणसे आणि सामान मिळून २५० किलो वजन असेल, तर डोंगा २५० लिटर पाणी बाजूला सारेपर्यंत खाली बसतो आणि तेथे स्थिर होतो. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. परंतु नाव तरंगणे आणि नाव सरळ राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरंगण्यासाठी पुरेशी पोकळी लागते. सरळ राहण्यासाठी तळाचा योग्य आकार लागतो. पाण्यावर होणाऱ्या पुष्कळशा अपघातांत नाव आधी कलंडते आणि त्यानंतर भरून बुडते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

नाव एका बाजूला झुकली की त्या बाजूचा भाग पाण्यात अधिक जातो. त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि नावेला पुन्हा सरळ करू पाहतो. उलट माणसांचा व सामानाचा भार उंचावर असेल, तर तो भार नावेला आणखी झुकवू पाहतो. या दोन जोरांच्या ओढाताणीत पाण्याचा जोर जिंकला तर नाव सावरते आणि भार जिंकला तर ती उलटते. म्हणून प्रत्येक नावेसाठी एक उंची ठरलेली असते. साऱ्या भाराचे मध्यकेंद्र त्या उंचीच्या खाली असेल तोवर नाव आपणहून सरळ होते. त्याच्या वर गेले की होत नाही. या उंचीला आपण या लेखापुरते ‘तोलमर्यादा’ म्हणू.

ही तोलमर्यादा कशावर ठरते? मुख्यतः नावेच्या रुंदीवर, आणि तीही रुंदीच्या घनावर. म्हणजे रुंदी दुप्पट केली तर स्थैर्य दुप्पट होत नाही, ते आठपट होते. लांबी दुप्पट केली तर मात्र ते केवळ दुप्पटच वाढते. तळाविषयीचा हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

एक छोटेसे गणित

विद्यार्थी मित्रांसाठी हे गणिताने दाखवू. मानू या की आपला डोंगा साध्या पेटीसारखा आहे. लांबी ५ मीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटर. डोंग्याचे वजन १०० किलो, त्यात प्रत्येकी ६० किलोची दोन माणसे आणि ३० किलो जाळे व मासळी. एकूण २५० किलो, म्हणजे ०.२५ घनमीटर पाणी बाजूला सारले गेले. तळाचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर असल्याने डोंगा साधारण ८ सेंटिमीटर पाण्यात बसेल. बाजूला सारलेल्या पाण्याचे मध्यकेंद्र त्याच्या निम्म्यावर, म्हणजे तळापासून ४ सेंटिमीटरवर असेल.

आता लांबीला रुंदीच्या घनाने गुणावे आणि आलेल्या संख्येला बारापट पाण्याच्या घनफळाने भागावे. ५ गुणिले ०.२१६ म्हणजे १.०८, त्याला ३ ने भागले की ०.३६ मीटर, अर्थात ३६ सेंटिमीटर. त्यात वरचे ४ मिळविले की तोलमर्यादा तळापासून सुमारे ४० सेंटिमीटर येते.

दोन्ही माणसे तळाशी बसली असतील, तर साऱ्या भाराचे मध्यकेंद्र अंदाजे २७ सेंटिमीटरवर असते. नाव सुरक्षित आहे. एक माणूस उभा राहिला की ते सुमारे ४३ सेंटिमीटरवर जाते. मर्यादा ओलांडली गेली. आता डोंगा आपणहून सरळ होणार नाही, उभ्या माणसाने सायकलस्वाराप्रमाणे अंगाने तोल सांभाळला तरच तो टिकेल. दोघेही उभे राहिले तर मध्यकेंद्र ६० सेंटिमीटरवर पोहोचते आणि अशा वेळी एखादी लाट, एखादा धक्का किंवा एखादा घाबरलेला हात पुरेसा होतो.

हाच डोंगा फक्त १५ सेंटिमीटरने, म्हणजे साधारण अर्ध्या हाताच्याही आत, रुंद केला तर काय होईल? वाढलेल्या फळ्यांचे वजन सोडून देऊन तोच हिशेब पुन्हा केला, तर तोलमर्यादा सुमारे ७४ सेंटिमीटर येते. म्हणजे दोघे उभे राहिले तरी डोंगा सावरू शकेल. रुंदी पाव पटीने वाढली आणि तोलमर्यादा पावणेदोन पटीहून अधिक वाढली. खरा डोंगा पेटीसारखा नसतो. तो दोन्ही टोकांना निमुळता आणि तळाशी गोलसर असतो, म्हणून त्याची मर्यादा आपल्या आकड्यांहून कमीच भरते. परंतु नियम तोच राहतो.

यंत्रनावेची कथा

आता दुसऱ्या नावेकडे वळू. क्लेटन जेकबसन या अमेरिकन गृहस्थाला मोटारसायकलींच्या शर्यतींचा नाद होता. जमिनीवर मोटारसायकल, तसे पाण्यावर काहीतरी असावे या कल्पनेने त्यांनी १९६० च्या दशकात ॲल्युमिनिअमचा एक नमुना तयार केला. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ साली ‘जेट स्की’ या नावाने उभ्याने चालविण्याची यंत्रनाव बाजारात आणली. त्यानंतर या कंपनीचे ४४० आणि ५५० हे नमुने फार लोकप्रिय झाले. १९९० साली यामाहा कंपनीची ‘सुपरजेट’ आली. तोवर बसून चालविण्याच्या यंत्रनावांचा जमाना सुरू झाला होता आणि आज किनाऱ्यांवर पर्यटकांना दिल्या जातात त्या बहुतांशी बसण्याच्याच असतात. परंतु उभ्याच्या जुन्या यंत्रनावांचे शौकीन अमेरिका, जपान, युरोपात आजही आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळवून, त्यांचे तळ आपल्या मनाप्रमाणे बदलून ते त्या पुन्हा पाण्यात उतरवितात.

या यंत्रनावेला बाहेर पंखा नसतो. इंजिन आतला एक पंखा फिरविते. तो तळाच्या जाळीतून पाणी आत ओढतो आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे, नाव पुढे, असा हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा खेळ आहे. वळायचे असेल तर मागचे तोंड वळवावे लागते. यातून एक धोका उद्भवतो, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पाण्याचा झोत थांबला की वळणेही थांबते. समोर डोंगा पाहून घाबरलेल्या चालकाने वेग सोडला, तर यंत्रनाव न वळता सरळ पुढेच जाते. म्हणूनच जाळी टाकलेल्या आणि डोंगे फिरणाऱ्या पाण्यापासून अशा खेळांची जागा दूर असावी लागते. शिवाय ही तळाची जाळी पाण्याबरोबर गवत, शेवाळ आणि जलपर्णीही ओढून घेते आणि तुंबते.

कावासाकी ४४० या नमुन्याची लांबी सुमारे सात फूट आणि रुंदी जेमतेम दोन फूट. म्हणजे आपल्या गणितातील डोंग्याइतकीच रुंदी आणि लांबी मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. वरच्या नियमाने पाहिले तर अशा नावेवर माणूस उभा राहू शकणार नाही. आणि खरोखरच, ती थांबलेली असताना तिच्यावर उभे राहणे फार कठीण असते. चालक आधी पाण्यात तिच्या मागे लोंबकळतो, वेग घेतो, गुडघे टेकवितो आणि वेग वाढल्यावरच उभा राहतो. वेगात तिचा सपाट तळ पाण्यावर आदळत वर उचलला जातो. सपाट दगड तलावाच्या पाण्यावर टप्पे घेत जातो, काहीसा तसा. मग तिला आधार पाण्याच्या जोराच्या माऱ्याचा मिळतो.

दोन नावांमधला हा भेद नीट समजून घ्यावा. यंत्रनावेला स्थैर्य वेगातून मिळते, डोंग्याला रुंदीतून. एकीला मानवणारा बदल दुसरीला घातक ठरू शकतो तो यामुळेच.

जुन्या यंत्रनावांच्या तळात काय बदलतात?

या शौकीन मंडळींचे बदल साधारणपणे पाच प्रकारचे असतात. त्या प्रत्येकामागे एक कारण असते.

पहिला बदल म्हणजे दोन्ही बाजूंच्या कडांना पट्ट्या किंवा फुगवटे बसविणे. वळताना ही कड पाण्यात रुतते आणि नाव मागच्या बाजूने घसरत नाही. पट्टी खाली बसविली तर पकड वाढते, वर बसविली तर वळण मोकळे होते. थांबलेल्या नावेची रुंदी किंचित वाढल्याने तोलही थोडा सुधारतो.

दुसरा बदल तळाचा मागचा भाग सरळ करण्याचा. वर्षानुवर्षांच्या वापराने किंवा मूळ साच्यातील दोषाने तळाला खोलगट वा फुगीर वळण आलेले असते. मागे खाली वळलेला तळ नाकाला पाण्यात दाबतो आणि वेग घटवितो. वर वळलेला तळ नाकाला उड्या मारायला लावतो. सरळ पट्टी लावून, घासून आणि भरून हा भाग एका रेषेत आणतात.

तिसरा बदल लांबी कमी करण्याचा. कसरती करणारे चालक नाक किंवा शेपटी कापून नाव आखूड करतात. आखूड नाव चटकन फिरते, परंतु सरळ धावताना अस्थिर होते. कसरतीसाठी काहीजण उलट पुढच्या भागात पोकळी वाढवितात, म्हणजे बुडी मारलेले नाक लगेच वर येते.

चौथा बदल उभे राहण्याच्या जागेचा. जुन्या नमुन्यांतील ही जागा फार अरुंद असते. ती रुंद करून पाय अडकविण्याच्या खोबणी बसवितात, म्हणजे पायाच्या जोरावर नाव झुकविता येते.

पाचवा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. नाव बुडू नये म्हणून तिच्या पोकळीत फेस भरलेला असतो. जुन्या नावेतील हा फेस बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी पितो. मग नाव जड होते, खाली बसते आणि ज्या गोष्टीने वाचवायचे तीच बुडवू लागते. म्हणून जुना फेस खरवडून काढून नवा भरणे, किंवा तो भाग पूर्णतः बंद करणे, हे पहिले काम समजले जाते.

ही सारी कामे काचतंतू आणि राळेसारख्या रसायनाने केली जातात. जुना रंग व मेणचट थर घासून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, तो पूर्ण कोरडा असावा लागतो, मग काचतंतूंची जाळी एकावर एक थर देत रसायनात भिजवून बसवितात. घासलेले नसेल तर थर वरवर चिकटतो आणि पहिल्याच आदळण्यात सुटतो. या कामात उडणारी काचेची धूळ आणि रसायनाचा वास फुप्फुसांना अपायकारक असल्याने तोंडावर योग्य मुखपट्टी, हातमोजे आणि मोकळी हवा ही अत्यावश्यक आहेत.

वैनगंगेचे पाणी बदलले

कोणी म्हणेल, परदेशातील हौशी लोकांच्या या उद्योगाशी आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो जीवनमरणाचा आहे. कारण आपल्या डोंग्याखालचे पाणीच बदलले आहे.

वैनगंगेचा डोंगा हा वाहत्या, मर्यादित रुंदीच्या, पावसाळा सोडला तर उथळ नदीसाठी घडलेला होता. वाळूच्या तळाला बांबू टेकवून उभ्याने तो ढकलता येई. अरुंद होता म्हणून एकट्याला तो ओढता येई आणि प्रवाहाला कापीत जाई. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविली गेली. पुढे ३३ दारांचे हे धरण उभे राहिले, गावे उठली, पाणी साठत गेले. धरणाची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर असून तिचा फुगवटा वर पार भंडारा शहराच्या परिसरापर्यंत येतो. जेथे नदी होती तेथे आता सरोवर आहे.

सरोवरात तीन गोष्टी वेगळ्या असतात. एक, पाणी खोल असल्याने बांबू तळाला टेकत नाही. दोन, वाऱ्याला मोकळे मैदान मिळते. वारा जितक्या लांबवर पाण्यावरून अडथळ्याविना वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात. नदीच्या पात्रात ज्या वाऱ्याने तरंग उठत, त्याच वाऱ्याने येथे लाट उठते आणि ती आडवी येऊन डोंग्याच्या काठावरून आत पडते. तीन, काठ दूर असतो. नदीत उलटलेला माणूस वाळूवर लागण्याची शक्यता असे. येथे ती कमी असते. त्यात यंत्रनावांच्या आणि मोटारबोटींच्या लाटांची भर पडली तर अरुंद डोंग्याची स्थिती आणखी नाजूक होते.

वैनगंगेच्याच खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, २०२४ च्या जानेवारीत मिरची तोडण्यासाठी पलीकडच्या काठावर निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि सहा जणींचा जीव गेला. मजुरीसाठी, शाळेसाठी, बाजारासाठी नावेत पाय ठेवणारी माणसे ही आपल्यासारखीच कष्टकरी कुटुंबांतील असतात. नावेचा तळ हा म्हणून केवळ हौसेचा विषय राहत नाही.

डोंग्यात कोणते बदल हितावह?

पहिला बदल विनाखर्चाचा आहे, आणि तो म्हणजे बसणे. उभे राहणे ही बांबूची गरज होती. बांबू टेकत नसलेल्या खोल पाण्यात वल्हेच वापरायचे असल्याने उभे राहण्याचे कारणच उरत नाही. बसण्याची पाटी शक्य तितकी खाली ठेवावी. काठाच्या उंचीवर आडवी फळी टाकून तिच्यावर प्रवासी बसविणे म्हणजे साऱ्यांना अर्धवट उभे करण्यासारखेच आहे.

दुसरा बदल रुंदीचा. नवा डोंगा बनविताना हातभर लांबी वाढविण्यापेक्षा वीतभर रुंदी वाढवावी, हे वरच्या गणिताने सिद्ध होते. हल्ली पत्र्याचे डोंगेही वेल्डिंगच्या दुकानात बनविले जातात. तेथे हे सांगणे सोपे आहे. दोन डोंगे बांबूंनी समांतर जोडल्यास एकूण रुंदी वाढून स्थैर्य कित्येक पटींनी वाढते. मात्र जोडणारे बांबू जाड असावेत आणि बांधणी घट्ट असावी. मधली बांधणी सुटली तर जड भाराचे दोन अरुंद डोंगे तेवढे उरतात.

तिसरा बदल राखीव पोकळीचा. लाकडाचा डोंगा पाण्याने भरला तरी बहुधा तरंगत राहतो. पत्र्याचा भरला की तळाशी जातो. त्यावर उपाय स्वस्त आहे. १०० किलो लोखंडी पत्र्याला पाण्यात स्वतःचा सुमारे १३ किलो आधार मिळतो; उरलेले ८७ किलो पेलायला ८७ लिटर बंद पोकळी हवी. डोंग्याला धरून पाण्यात राहणाऱ्या माणसाचा भार फारच थोडा असतो; माणशी पाच किलो धरले तरी चौघांचे वीस होतात. म्हणजे वीस लिटरचे, घट्ट बुचाचे सहा रिकामे प्लॅस्टिकचे डबे भरलेल्या डोंग्याला आणि चौघांना तरंगत ठेवू शकतात. हे डबे तळाला न ठेवता दोन्ही बाजूंना सारखे, काठाच्या खालोखाल आतून, मजबूत दोरीने बांधावेत. तळाला बांधले तर भरलेला डोंगा उपडा होतो; काठाजवळ बांधले तर सरळ राहतो.

चौथी गोष्ट पाण्याची गळती. फटी डांबराने वेळच्या वेळी बुजवाव्यात आणि आतले पाणी सतत उपसावे. आपल्या गणितातील डोंग्यात दोन बोटे, म्हणजे तीनेक सेंटिमीटर पाणी साचले तरी ते ९० लिटर होते. हा ९० किलोचा भार एका जागी बसत नाही. डोंगा झुकला की धावत त्याच बाजूला जातो आणि रुंदीने मिळविलेले स्थैर्य जवळजवळ सारे खाऊन टाकतो. जुन्या यंत्रनावेतील भिजलेला फेस आणि डोंग्यातील साचलेले पाणी ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत.

काही बदल मात्र टाळावेत. अरुंद डोंग्याच्या मागे मोटार बसवू नये. मोटारीचे वजन मागचा काठ पाण्याशी आणते आणि तिच्या वेगासाठी लागणारा सपाट, भक्कम तळ डोंग्याला नसतो. काठावर फळ्या ठोकून केवळ उंची वाढवू नये. त्याने लाट अडते खरी, परंतु अधिक माणसे भरण्याचा मोह होतो आणि भार वर जातो. तलावांवर थर्माकोलचे तुकडे बांधून किंवा टायरच्या फुगविलेल्या ट्यूबवर बसून मासे धरणारे बांधव असतात. छोट्या तलावात जे चालते ते जलाशयाच्या मध्यभागी चालणार नाही. आणि कोणत्याही बदलाने जीवरक्षक जाकिटाची गरज संपत नाही.

कायद्याचीही माहिती असावी. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला. यांत्रिक नावांची नोंदणी आणि तपासणी यांबरोबरच, बिनयंत्राच्या नावांसाठीही त्यात स्वतंत्र तरतूद करण्यात आली आहे. नोंद झालेल्या नावेचा हिशेब राहतो आणि तपासणीची मागणी करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

हे सारे घरी पडताळून पाहता येते. एकाच जाडीच्या थर्माकोलचे दोन तुकडे कापावेत. लांबी दोन्हींची वीस सेंटिमीटर, रुंदी मात्र एकाची पाच व दुसऱ्याची आठ. घमेल्यातील पाण्यावर ते सोडावेत. टॉर्चचा एक सेल आधी आडवा ठेवावा आणि बोटाने तुकडा हलकेच झुकवून पाहावा. नंतर तोच सेल मधोमध उभा करावा. वजन तेच, तुकडा तोच, पण उभ्या सेलने काय होते ते दोन्ही तुकड्यांवर पाहून वहीत लिहावे. मग अरुंद तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्ट्रॉ, दोन्ही तोंडे मेणाने बंद करून, थोड्या अंतरावर काड्यांनी जोडावी आणि पुन्हा सेल उभा करावा. वैनगंगेवरचे जोडडोंगे आणि यंत्रनावेच्या कडेचे फुगवटे या दोहोंमागचे तत्त्व पाच मिनिटांत हाती लागेल.

आमची समाजातील सुशिक्षित तरुणांना, विशेषतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डिंग, सुतारकाम वा यंत्रकाम शिकणाऱ्यांना विनंती आहे. नदीकाठच्या गावांतील मच्छीमार सहकारी संस्थांकडे जावे, डोंगेवाल्यांच्या हातातील पिढीजात ज्ञान आदराने ऐकावे, त्यांच्या डोंग्यांची रुंदी मोजावी आणि तोलमर्यादेचा हिशेब त्यांच्यासमवेत बसून करावा. जलपर्यटन येईल तेव्हा त्यातील यंत्रे दुरुस्त करणारे, नावा बांधणारे आणि सुरक्षेची तपासणी करणारे हातही लागतील. ते हात आपल्याच जिल्ह्यातील असावेत, अशी आमची इच्छा आहे. तोवर निदान एवढे करावे : येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावच्या प्रत्येक पत्र्याच्या डोंग्यात सहा रिकामे डबे बांधले गेले आहेत की नाहीत, हे पाहून यावे.